बंद विंडोचं उत्तर

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी शिकत राहावं, असं सगळेच सांगतात. मी आधी बासरी शिकायला घेतली. शेजाऱ्यांनी ती शिकू दिली नाही, म्हणून कॉम्प्युटर शिकलो. त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही.

टेलिफोन खात्यात मी बत्तीस वर्षं दुरुस्ती विभागात होतो. लोकांच्या तारा जिवंत आहेत की नाहीत हे बघायचं, एवढंच माझं काम. लोक काय बोलतात ते ऐकायचं नव्हतं. ते आपसूक ऐकू यायचं. अशा माणसाला कॉम्प्युटर जड जाऊ नये, असं आमच्या सुनेचं मत पडलं. ती दुसऱ्या शहरात प्रोग्राम लिहायची नोकरी करते. तिने आपला जुना कॉम्प्युटर आम्हाला पाठवून दिला. जेवणाच्या खोलीत फ्रिज आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये अडीच फूट जागा होती. तिथे टेबल टाकून तो बसवला. डावीकडून फ्रिजची घरघर, उजवीकडून चपलांचा वास आणि समोर विज्ञान, अशी माझी बैठक होती. मी सुखात होतो.

मग बायकोचा उजवा डोळा बिघडला.

तिचा डावा डोळा लहानपणापासूनच नावापुरता. सगळा कारभार उजव्यावर. त्या उजव्याच्या पडद्याला भोक पडलं. आधी पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा मधला भाग पुसला गेला.

‘तुमचं नाक दिसत नाही,’ ती म्हणाली. ‘बाकी ठीक आहे.’

‘माझ्याबद्दल बाकी ठीक आहे असं तू चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस.’

‘म्हणून तर म्हणतेय, डोळे दाखवायला हवेत.’

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर परत येईल. त्यानंतर झाली तर आपण फक्त आशा करायची. ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई मोठ्या इस्पितळात होत्या आणि त्यांची आधी वेळ घ्यावी लागे. वेळा चार महिने भरलेल्या. एकच फट होती. कोणी आपली वेळ रद्द केली, की इस्पितळाच्या वेबसाइटवर त्या तारखेचा चौकोन हिरवा व्हायचा. मिनिटा-दोन मिनिटांत दुसरं कोणीतरी तो पटकवायचं आणि चौकोन पुन्हा करडा.

आठवडाभर आम्ही आलटून पालटून त्या करड्या चौकोनांकडे बघत बसलो. हिची पाळी असली की मी तिच्या शेजारी बसायचो, कारण तिला हिरवं आणि करडं सारखंच दिसत होतं. म्हणजे पाळी माझीच असायची. ती सोबतीला होती.

शेवटी सुनेने एक प्रोग्राम लिहून पाठवला. तो सुरू केला की ब्राउझरची विंडो आपली आपण उघडायची, इस्पितळाच्या पानावर जायची, दर वीस सेकंदांनी पान ताजं करायची आणि चौकोन तपासायची. हिरवा दिसला की फॉर्म भरायचा, बटण दाबायचं आणि मोठ्याने घंटा वाजवायची. कोणी हात न लावता रकान्यांत अक्षरं उमटताना मी पहिल्यांदा बघितली, तेव्हा पाठीवरून मुंगी गेल्यासारखं झालं. बायकोने मात्र त्याला लगेच घरातला मानलं आणि नाव दिलं, आपोआप्या.

‘आपोआप्या बसलाय का कामावर?’ ती सकाळी उठल्या उठल्या विचारायची.

‘बसलाय.’

‘तुमच्यापेक्षा बरा. मध्येच उठून चहा मागत नाही.’

चौथ्या दिवशी दुपारी घोटाळा झाला. मी केस कापायला गेलो होतो. बायकोला बातम्या ऐकायच्या होत्या. तिने अंदाजाने माउस धरला आणि एक विंडो बंद करून दुसरी उघडली. बंद केली ती आपोआप्याची. मी परत आलो, तर प्रोग्राम चालूच. काळ्या चौकटीत लुकलुकत, शांतपणे वाट बघत. ज्या विंडोची वाट बघतोय तीच नाही, याचा त्याला पत्ता नव्हता. तीन तास तो तसाच बसला होता. इस्पितळात फोन केला, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘सव्वातीनला एक वेळ रिकामी झाली होती की हो. तुम्ही बघितली नाहीत?’

बायको फ्रिजला टेकून उभी होती आणि माझ्या चेहऱ्याकडे, म्हणजे जिथे माझं नाक असायला हवं तिथे, बघत होती. चार आठवडे उरले होते.

मी सुनेला फोन लावला.

‘बाबा, विंडो बंद झाली तर ती कळवत नाही,’ ती म्हणाली. ‘गेलेला माणूस फोन करून सांगतो का, मी गेलो म्हणून? आपणच अधूनमधून विचारायचं. काहीतरी सोपं. तुझ्या पानाचं शीर्षक काय? उत्तर आलं, तर आहे. नाही आलं, तर बंद.’

‘म्हणजे उत्तर न येणं हेच उत्तर.’

‘वा, बाबा. काय बोललात!’

‘काय म्हणालीस? आवाज तुटला,’ मी म्हणालो. सुनेने केलेलं कौतुक मी शक्यतो दोनदा ऐकतो.

हे काम मी स्वतः करायचं ठरवलं, कारण ते माझ्या खात्यातलं होतं. आमच्याकडे लाइन मेली असं जाहीर करण्याआधी तीनदा घंटी द्यायची पद्धत होती. नियम कुठे लिहिलेला नव्हता. आमचे जुने साहेब सांगायचे, पहिल्या घंटीला माणूस आंघोळीत असतो, दुसऱ्या घंटीला टॉवेल शोधत असतो, तिसऱ्यालाही आला नाही तर खुशाल मेली म्हणून लिहा. मी तेच केलं. दर पाच सेकंदांनी विंडोला शीर्षक विचारायचं. लागोपाठ तीनदा उत्तर नाही, तर बंद समजून घंटा वाजवायची आणि नवी विंडो उघडायची. शिवाय प्रत्येक प्रश्न आणि उत्तर वेळेसकट एका फाइलीत उतरवायचं. सरकारी माणूस आहे. नोंद नसेल तर मला झोप लागत नाही.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. फाइलीत ओळीखाली ओळ, ‘नेत्रविभाग, भेटीची वेळ’. मग लक्षात आलं, की घंटा आपण एकदाही वाजवून बघितलेली नाही. दुपारी जेवणानंतर मी मुद्दाम विंडो बंद केली आणि फाइल बघत बसलो.

उत्तर नाही.

उत्तर नाही.

नेत्रविभाग, भेटीची वेळ.

घंटा वाजली नाही. मला वाटलं, विंडो नीट बंद झाली नसेल. पुन्हा बघितलं. पडद्यावर फक्त सुनेने लावलेला डोंगराचा फोटो होता. फाइलीत पुन्हा दोन वेळा ‘उत्तर नाही’ आणि तिसऱ्यांदा शीर्षक. पुन्हा दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्यांदा शीर्षक. अगदी टॉवेल गुंडाळून आल्यासारखं.

संध्याकाळी सुनेने तिच्या घरून आमच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावून बघितलं. हे तिला येतं. माझा पडदा तिच्या हाताने हलत होता आणि फोनवर तिच्या पाठीमागे कुकरची शिट्टी होत होती.

‘बाबा, ब्राउझर चालूच नाहीये. एकसुद्धा नाही.’

‘मग शीर्षक कोण सांगतंय?’

‘जुनं उत्तर कुठेतरी साठून राहिलं असेल. असं होतं. आपण बदलणारं काहीतरी विचारू. त्या पानावर वर घड्याळ आहे ना? ते विचारते.’

तिने प्रश्न बदलला. उत्तर नाही. उत्तर नाही. सहा वाजून बारा मिनिटं चाळीस सेकंद. मी मनगटाकडे बघितलं. बरोबर होतं.

सून म्हणाली, ‘इंटरनेटची वायर काढा बरं.’

मी ती काढली. तिचा हात माझ्या पडद्यावरून गेला. फोनवर फक्त आवाज उरला.

‘आता काय म्हणतंय?’

‘सहा तेरा पन्नास,’ मी वाचून दाखवलं. ‘तुझ्या घड्याळात किती झाले?’

तिने ते सांगितलं नाही. ‘बाबा, तो प्रोग्राम बंद करा,’ ती म्हणाली. ‘मी दुसरा लिहून देते. रविवारपर्यंत.’

‘दे की,’ मी म्हटलं. ‘तोवर हा असू दे.’

कारण सांगतो. मला भीतीपेक्षा काळजी वाटत होती. जी विंडो बंद होऊनही ‘आहे’ म्हणते, तिच्यासाठी घंटा कधीच वाजणार नाही. उद्या खरी विंडो मिटली, तर आम्ही पुन्हा तीन तास बेसावध बसू आणि हिरवा चौकोन येऊन जाईल. तेवीस दिवस उरले होते. तेव्हा आधी दोष शोधायचा, हा बत्तीस वर्षांचा रिवाज. खात्यात एकदा एका तारेवर मांजर रडल्याचा आवाज यायचा. आम्ही घाबरलो नव्हतो, खांबावर चढलो होतो.

मी तीनच्या जागी पाच केलं. पाचदा विचारायचं, मग बंद समजायचं. उत्तर पाचव्यांदा आलं.

अकरा केलं. अकराव्यांदा आलं.

बायकोला बोलावलं आणि म्हटलं, ‘एक आकडा सांग. मोठा.’

‘सदतीस.’

आम्ही दोघं टेबलापाशी बसलो. पाच-पाच सेकंद. फ्रिज घरघरत होता. छत्तीस वेळा काही आलं नाही. सदतिसाव्यांदा आलं.

‘म्हणजे तुमचा धीर सुटायच्या आत येतोय,’ बायको म्हणाली. ‘मनाने चांगला दिसतो.’

‘कोण?’

‘आपोआप्या. आणखी कोण?’

खरं सांगायचं, तर त्यानंतरचे दिवस आमचे बरे गेले. सुनेचा नवा प्रोग्राम रविवारी आला आणि व्यवस्थित चालला. त्याची विंडो बंद केली की घंटा वाजायची, बंद विंडो बंदच राहायची. जुना प्रोग्राम मी कोपऱ्यात चालू ठेवला. विंडो नसलेला. बायको जाता-येता विचारायची, ‘आहे का हो?’ मी फाइल बघून म्हणायचो, ‘आहे.’ घरात तिसरं माणूस असलं की दोघांचं भांडण कमी होतं, तसं काहीसं. माझ्या चहाला साखर कमी पडली तरी मी बोलायचो नाही.

खरा चौकोन मात्र हिरवा होईना. पंधरा दिवस उरले. मग नऊ. आता तिला माझे कानही दिसत नव्हते. तोंडात ओतायचा चहा तिने एकदा हनुवटीवर ओतला आणि स्वतःच हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. सिंकमध्ये एकच कप होता.

त्या दुपारी मी जुन्या प्रोग्रामचा प्रश्न बदलला. शीर्षक नको, घड्याळ नको. रिकाम्या वेळा सांग.

उत्तर नाही.

उत्तर नाही.

मंगळवार, अकरा चाळीस.

मी नव्या प्रोग्रामची विंडो बघितली. तीच वेबसाइट, मंगळवार, अकरा चाळीस. चौकोन करडा. पुन्हा ताजं केलं. करडा.

मी इस्पितळात फोन लावला, स्पीकरवर. माझा आवाज शक्य तितका साधा ठेवला.

‘मंगळवारी अकरा चाळीसची वेळ रिकामी आहे का?’

‘नाही काका,’ काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. ‘त्या वेळेला पेशंट आहेत. कालच त्यांचा फोन येऊन गेला, येतो म्हणून.’

‘बरं.’

‘थांबा हं, दुसऱ्या लाइनवर कोणीतरी आहे.’

मी थांबलो. ताटकळताना लावतात ते संगीत वाजत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, हात ओले.

संगीत थांबलं.

‘काका,’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. ‘त्यांच्या मुलाचा फोन होता. ते नाही येणार आता.’

‘असं.’

‘आत्ता झालं म्हणाला. जेवता जेवता. तुम्हाला आधीच कसं कळलं?’

‘अंदाज केला,’ मी म्हणालो.

‘नाव सांगा,’ त्या म्हणाल्या. मी बायकोचं नाव सांगितलं.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि गुरुवारी शस्त्रक्रिया केली. मुदतीच्या दोन दिवस आत. नंतर आठवडाभर तिला मान खाली घालून बसायचं होतं. ‘लग्नात बसले होते तशी बसते,’ ती म्हणाली, ‘तेव्हाही पुढचं काही दिसत नव्हतं.’ सून चार दिवस येऊन राहिली. तिने जुना प्रोग्राम, त्याची फाइल, सगळं पुसून टाकलं. मी अडवलं नाही. काम झालं होतं. टेबलाची जागा औषधांना हवी होती, म्हणून आम्ही कॉम्प्युटर बंद केला, वायर काढून तिला रबर लावलं आणि पडदा भिंतीकडे सरकवून ठेवला. त्या मंगळवारच्या पेशंटबद्दल मी सुनेला सांगितलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती. ती दारातच उभी होती.

पट्टी सुटली. रोज थोडं थोडं दिसायला लागलं. आधी उजेड, मग रंग, मग माझे कान. दहाव्या दिवशी सकाळी ती डोळ्यांत थेंब घालून टेबलापाशी बसली होती. मी समोर लसूण सोलत होतो.

‘नाक आलं हो,’ ती म्हणाली. ‘पूर्वीपेक्षा मोठं झालंय.’

मला इतका आनंद झाला, की मी लसणीची सालं फ्रिजमध्ये ठेवली.

‘आणि आपोआप्याला अजून सुट्टी नाही दिलीत?’

मी वळून बघितलं. पडदा काळा होता. वायर औषधांच्या बाटल्यांशेजारी, रबर लावलेली.

‘का? काय दिसतंय?’

‘तोच फॉर्म. भरतोय.’

‘तुझा असेल.’

‘माझा कशाला? माझं झालं की.’ ती पुढे वाकली. ‘तुमचं नाव आहे. वडिलांचं नाव. पत्ता.’

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. काळ्या काचेत आमची दोघांची डोकी दिसत होती.

‘वय बहात्तर,’ तिने वाचलं.

‘मी एकाहत्तरचा आहे.’ बहात्तर व्हायला अडीच महिने होते.

‘त्याने बहात्तर लिहिलंय.’

‘विभाग कुठला?’

‘तो रकाना रिकामा आहे.’

‘मग चूक आहे. पुढे जायचं नाही ते.’

‘गेलं,’ ती म्हणाली. ‘आत्ता बटण दाबलं गेलं. आपोआप. तुमची वेळ नक्की झाली आहे, असं आलंय.’

फ्रिज थांबला. तो अधूनमधून थांबतो.

‘कधीची?’ मी विचारलं.

ती आणखी पुढे वाकली, डोळे बारीक केले, मग मागे टेकली.

‘तेवढं बारीक नाही दिसत अजून. शुक्रवारी नवा चष्मा मिळणार आहे ना, मग वाचते.’

‘घाई नाही,’ मी म्हणालो.

दुपारी मी चष्मेवाल्याकडे गेलो. म्हटलं, सवडीने करा, आम्हाला काही गडबड नाही. तो हसला आणि खणातून डबी काढून माझ्या हातात ठेवली. चष्मा तयारच होता.

डबी सध्या माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. ती रोज विचारते. मी सांगतो, काच मिळत नाहीये म्हणाला. बाकी आमचं उत्तम चाललंय. साखर पुन्हा बेताची पडते. ती पेपर वाचायचा प्रयत्न करते, माझ्या अंगावर ओरडते, संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. परत आल्यावर ती थोडा वेळ टेबलापाशी बसते.

काल म्हणाली, चष्म्याची एवढी गरज राहिली नाही, बारीकसुद्धा आता बऱ्यापैकी दिसायला लागलंय.